जुलैत स्वित्झर्लंड, डिसेंबरात टोरांटो: दोन्हींसाठी एकच बॅग भरता येते का?

प्रश्न: जुलैत आम्ही चौघं (आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई) स्वित्झर्लंड आणि पॅरिसला जातोय. त्याच वर्षी डिसेंबरअखेर भावाकडे टोरांटोला दोन आठवडे जायचं आहे. ‘समर पॅकिंग’ आणि ‘विंटर पॅकिंग’च्या इतक्या याद्या वाचल्या की डोकं भणभणलं. माणशी २३ किलोची एक बॅग आणि एक केबिन बॅग आहे. दोन्ही प्रवासांसाठी वेगवेगळी खरेदी करावी लागेल का? सासूबाई इन्सुलिन घेतात, त्याचंही सांगा.

उत्तर:

वेगळी खरेदी नको. दोन्ही प्रवासांत तीन-चतुर्थांश कपडे तेच चालतील. बदलेल ते उबेचं जॅकेट, पायातले बूट आणि डोकं-कान-हात झाकायच्या बारीकसारीक वस्तू. ऐकायला हे जरा धाडसाचं वाटेल, म्हणून कारण सांगते. मी टूर लीडर आहे, बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या बॅगेशी माझा संबंध येतो, आणि थंडीने कुडकुडणारी माणसं मी हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्याच्या सहलींत जास्त पाहिली आहेत. हिवाळ्यात जाणारा आधीच धास्तावलेला असतो, त्यामुळे तयारी करून येतो. उन्हाळ्यात जाणारा ‘समर’ हा शब्द वाचतो, बर्म्युडा आणि सँडल भरतो, आणि तिसऱ्या दिवशी हिमनदीवर उभा असतो.

तुमचाच जुलै घ्या. इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. तिथून रेल्वेने युंगफ्राउयोखला चढलात की तुम्ही ३,४५४ मीटरवर असता. उंचीबरोबर हवा गार होत जाते, ढोबळमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंश. खाली दुपारी चोवीस अंश असतील तर वर पाच. सकाळी लवकर पोचलात तर शून्याच्या आसपास. त्यात वारा. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या चेहऱ्याला उणे सहा-सात असल्यासारखं वाटतं.

आता डिसेंबरचं टोरांटो. बाहेर दुपारी दोन-तीन अंश, रात्री उणे चार-पाच, थंडीची लाट आली तर उणे पंधराही. पण भावाच्या घरात, मॉलमध्ये, सबवेत हीटर चालू असतो आणि पारा वीस-एकवीसवर असतो. शहराच्या मध्यभागी जमिनीखाली ‘पाथ’ नावाचं पादचारी मार्गांचं जाळं आहे, तीस किलोमीटरहून लांब. जाड लोकरी स्वेटर अंगात घालून तिथे तासभर फिरा, घामाघूम व्हाल. दिवसातला बराचसा वेळ तुम्ही छपराखालीच असणार.

म्हणजे तुमच्या उन्हाळी सहलीत एक कडक हिवाळ्याचा दिवस लपलेला आहे, आणि तुमची हिवाळी सहल बहुतांशी उबदार खोल्यांत जाणार आहे. ऋतूच्या नावाने केलेल्या याद्या इथेच फसतात.

मग बघायचं काय? जिथे जिथे मुक्काम आहे त्या प्रत्येक ठिकाणाचं त्या महिन्यातलं सरासरी कमाल आणि सरासरी किमान तापमान, दोन्ही. नुसती ‘सरासरी’ बघू नका. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूला जुलैची सरासरी काढली तर बारा-तेरा अंश येईल, पण तिथे दुपारी वीस असतात आणि पहाटे सूर्योदय बघायला निघता तेव्हा चार-पाच. बारा अंशांचे कपडे दोन्ही वेळा चुकीचे ठरतात. त्यानंतर पावसाचे दिवस किती, वारा किती आणि सूर्य मावळतो कधी, एवढं पाहिलं की बॅगेचा सांगाडा तयार होतो. आल्प्सच्या उत्तर बाजूला जुलै हा कोरडा महिना नाही, तिथे उन्हाळ्यातच जास्त पाऊस पडतो आणि दुपारनंतर गडगडाट ठरलेला असतो, हे पुष्कळांना जाऊनच कळतं.

हवामानाचा अंदाज महिनाभर आधी बघण्यात काही अर्थ नाही. आठवडाभर आधीपासून तो विश्वासार्ह होऊ लागतो. म्हणून सांगाडा सरासरीवरून ठरवा आणि शेवटची फेरफार निघण्याच्या दोन दिवस आधी करा. त्या फेरफारीला बॅगेत थोडी जागा राहू द्या, कारण सरासरी काही सगळं सांगत नाही. पॅरिसमध्ये जुलैत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असायला हवेत, पण २५ जुलै २०१९ ला तिथे ४२.६ अंशांची नोंद झाली. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिसाच्या वर गेला. युरोपातल्या कित्येक जुन्या हॉटेलांत एसी नसतो, खोलीत पंखाही नसतो. तेव्हा जुलैच्या बॅगेत रात्री झोपायला एक अगदी सैल, पातळ सुती जोड हवाच. सुती कपड्यांची खरी जागा तिथे आहे.

थरांचं गणित

एक जाड स्वेटर आणि त्यावर एक जाड कोट ही जुनी पद्धत सोडून द्या. तीन पातळ थर घ्या, कारण पातळ थर काढता येतात.

सगळ्यात आतला थर अंगालगत बसणारा. त्याचं मुख्य काम अंगावरचा घाम उचलून बाहेर टाकणं. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं पातळ थर्मल चालतं. सुती बनियन इथे घात करतो. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. चढ चढून थांबलात की तोच ओला कपडा पाठीला गार लागू लागतो आणि मग वर काहीही घाला, हुडहुडी जात नाही. थर्मल दोन प्रकारांत मिळतं, पातळ आणि जाड. तुमच्या दोन्ही प्रवासांना पातळच घ्या. जाड थर्मल उत्तर युरोपातल्या लॅपलँडसारख्या ठिकाणी ठीक, टोरांटोच्या मॉलमध्ये ते शिक्षा आहे. शर्ट काढता येतो, थर्मल चारचौघांत काढता येत नाही.

मधला थर हवा अडकवून ठेवतो. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते, कापडाच्या जाडीची नसते. साधं फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट) तीनशे-चारशे ग्रॅमचं असतं, पुढून चेन असलेलं घ्या. सासूबाईंसाठी तर पुढून उघडणारंच. डोक्यावरून कपडे काढणं-घालणं या वयात जिकिरीचं होतं आणि मग माणूस ‘राहू दे, चालतंय’ म्हणत घामात बसून राहतो. टोरांटोसाठी फ्लीसच्या जोडीला एक पातळ पफर जॅकेट, म्हणजे आत भराव असलेलं फुगीर जॅकेट, लागेल. पिसांचं पफर हलकं असतं आणि इवलीशी घडी होते, पण भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरावाचं थोडं जड, पण ओलं झालं तरी काही प्रमाणात काम करतं. कोरडी थंडी असेल तिथे पिसं, भिजकी थंडी असेल तिथे कृत्रिम. तुम्हाला एकच घ्यायचं आहे तर मी कृत्रिम भरावाचं घेईन.

तिसरा थर वारा आणि पाणी अडवणारा. इथे दोन मिनिटं थांबते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं जॅकेट रिमझिमीत तग धरतं, धो-धो पावसात नाही. खरं वॉटरप्रूफ ओळखायचं असेल तर जॅकेट उलटं करा आणि शिवणी बघा. सुईने पडलेल्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर पाणी अडेल. शिवण उघडी दिसत असेल तर कापड कितीही भारी असो, खांद्यावरून पाणी आत येणारच. घरात जुनं जॅकेट असेल तर बाहीवर पेलाभर पाणी ओतून बघा. थेंब गोल होऊन घरंगळले तर जॅकेट ठणठणीत आहे. कापड गडद होऊन पाणी पिऊ लागलं तर कापडावरचा पाणी झटकणारा लेप दमला आहे. तो बहुतेक वेळा मळानेच दमतो. जॅकेट स्वच्छ धुवा, आणि आतल्या लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा. पुष्कळदा लेप पुन्हा कामाला लागतो. नाहीच लागला तर त्यासाठीचा स्प्रे मिळतो. नवं घेत असाल तर दुकानात फ्लीस अंगात घालून मगच मापाला बघा. नुसत्या शर्टावर नीट बसलेलं जॅकेट आत दोन थर गेले की काखेत आवळतं, आतली हवा दाबली जाते आणि ऊब कमी होते.

हे तीन थर हाताशी असले की जुलैत वरचा थर पावसाला आणि युंगफ्राउयोखच्या वाऱ्याला, डिसेंबरात हाच थर पफरवर. तुमचं कपाट तेच राहतं.

तो बर्फाचा दिवस

युंगफ्राउयोखला जायच्या सकाळी माणसं हॉटेलातूनच थर्मल, स्वेटर, कोट चढवून निघतात. गाडीत बसल्यावर पंधरा मिनिटांत उकडायला लागतं. आतला थर घामाने भिजतो आणि वर पोचल्यावर तोच गार पडतो. म्हणून निघताना वरच्या अंगात थर्मल आणि खाली साधी पँट एवढंच. फ्लीस, जॅकेट, टोपी, हातमोजे पाठीवरच्या सॅकमध्ये. वर पोचलात की बाहेरच्या मोकळ्या पठारावर जायच्या आधी, स्टेशनच्या आतच थर चढवा. थंडी वाजू लागल्यावर चढवलेला थर अंग गरम करायला फार वेळ घेतो. वरचा बराचसा भाग बंदिस्त आहे, पण आइस पॅलेस बर्फातच कोरलेला असल्याने तिथे तापमान शून्याखाली असतं आणि पायाखाली घसरडं असतं. सासूबाईंना खडबडीत तळाचे बूट हवेत ते या जागेसाठी.

मुलासाठी हातमोज्यांचे दोन जोड. नऊ वर्षांचं पोर बर्फ दिसल्यावर गोळे करणार, पहिला जोड दहा मिनिटांत ओला होणार आणि ओला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट. मोठ्यांना एक जोड पुरतो.

गॉगल आणि सनस्क्रीन लोक समुद्रकिनाऱ्यासाठी भरतात आणि बर्फाच्या दिवशी हॉटेलात ठेवून येतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटरला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. नाकाच्या खाली आणि हनुवटीखाली चेहरा भाजलेली माणसं बघायची असतील तर बर्फावरून परतणाऱ्या गाडीत बघा. सासूबाईंना गॉगलची सवय नसेल तर त्यांच्या नंबरच्या चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल मिळतो, तो घ्या.

टोरांटो: थंडीपेक्षा चिखल

उणे पंधराचा धसका सगळेच घेतात. मला विचाराल तर शून्य ते दोन अंशांचा दिवस जास्त त्रासाचा. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, कपड्यावर पडला तर झटकून टाकता येतो. शून्याच्या आसपास तोच बर्फ रस्त्यावर वितळून काळा लगदा होतो, त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ मिसळतं, आणि चौक ओलांडताना घोट्यापर्यंत पाय त्यात जातो. कापडी स्पोर्ट शूज तिथे पाच मिनिटांत भिजतात. तेव्हा डिसेंबरच्या खरेदीत पैसा घालायचाच असेल तर बुटांत घाला: घोटा झाकणारे, वॉटरप्रूफ, खोल खाचांच्या मऊ रबरी तळाचे. मिठाचे पांढरे डाग घरी आल्यावर ओल्या फडक्याने लगेच पुसायचे, नाहीतर चामडं तडकतं.

बुटांचं माप जाड पायमोजा घालून घ्या आणि अंगठ्यापुढे थोडी जागा राहू द्या. ‘थंडी जास्त आहे, दोन मोजे घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की आतली हवाही जाते आणि रक्तही नीट फिरत नाही, पाय आणखी गार पडतात. एकच लोकरी मोजा बरा.

आणि हे मात्र दोन्ही प्रवासांआधी करा: कपाटात तीन-चार वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट असतील तर ते घालून आठवडाभर रोज चाला. अशा बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. न वापरता दमट हवेत पडून राहिला की तो ओलाव्याने आतून सडतो, बाहेरून काही दिसत नाही. बूट नवे कोरे दिसतात आणि प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी अख्खा तळ सुटून हातात येतो, बहुतेक वेळा दोन्ही पायांचा. अंगठ्याने तळाची कड दाबून बघा. भुगा निघाला किंवा बारीक चिरा दिसल्या तर बूट टाकून द्या, चिकटवत बसू नका.

मोठा कोट मात्र विकत घेऊ नका, निदान निघायच्या आधी नको. भाऊ तिथेच राहतो. एखादा जास्तीचा पार्का त्याच्याकडे किंवा त्याच्या मित्रांकडे असेल, आणि नसला तरी अशा थंडीचे कपडे अशाच थंडीच्या गावात चांगले मिळतात. मुलाचं तर उधारीवरच भागवा, पुढच्या वर्षी त्याला ते होणार नाही. विमानतळ ते घर एवढं अंतर फ्लीस, पफर आणि वरचं जॅकेट यांत आरामात निघतं.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं सांगतात, ते खरं नाही. डोकं जेवढं मोठं तेवढीच जाते. पण बाकी सगळं अंग झाकलेलं आणि कान उघडे, तर थंडी कानांवाटेच बोचणार. कान झाकणारी टोपी आणि गळ्यात मफलरऐवजी नळीसारखा शिवलेला नेक वॉर्मर घ्या. मफलर सुटतो, दारात अडकतो, मुलाचा तर हरवतोच. हीटरच्या हवेने त्वचा आणि ओठ फुटतात, नाक कोरडं पडून कधी रक्त येतं; व्हॅसलिन, लिप बाम आणि घट्ट मॉइश्चरायझर डिसेंबरात रोज लागतील. संध्याकाळी पावणेपाचला अंधार पडतो, तेव्हा मुलाचं जॅकेट काळं नको, लाल-पिवळं असू द्या. जुलैत उलटं: पॅरिसमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो आणि पोरं झोपत नाहीत. डोळ्यांवर बांधायची पट्टी वजनाला काहीच नाही, फरक मात्र मोठा पडतो.

कपड्यांचे जोड मोजताना हिवाळ्यात एक सोय आहे जी कुणी लक्षात घेत नाही. बाहेरच्या प्रत्येक फोटोत तुमचं जॅकेटच दिसणार. आत रोज वेगळा शर्ट घातलात तरी तो फक्त भावाला दिसणार. फोटोंची हौस असेल तर दोन-तीन रंगांच्या टोप्या घ्या. भावाकडे वॉशिंग मशीन आहे, तेव्हा पाच दिवसांचे कपडे दोन आठवड्यांना पुरतात.

इन्सुलिन

इन्सुलिन केबिन बॅगेतच, कोणत्याही ऋतूत. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नाही. बर्फाच्या थैलीला थेट टेकवून ठेवू नका, मध्ये फडकं हवं. टोरांटोत बाहेर पडताना पेन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात किंवा पर्समध्ये ठेवलं तर गारठतं. ते आतल्या खिशात, अंगालगत. जुलैत धोका उलट दिशेने येतो: उन्हात उभी केलेली बस, खिडकीतली पिशवी. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सही फार गारठल्या किंवा तापल्या की आकडा भरवशाचा राहत नाही. पुरवठा दोन भागांत करा, एक त्यांच्या केबिन बॅगेत, एक तुमच्या. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह. लागणाऱ्या दिवसांपेक्षा आठवडाभराचं जास्त घ्या. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेत बर्फाच्या वादळाने विमानं खोळंबणं नवीन नाही. युंगफ्राउयोखची हवा विरळ आहे, त्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर त्या दिवसाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

पॉवर बँकही केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे डिसेंबरात ती जास्त लागेल. कॅमेरा बाहेरून उबदार घरात आणला की त्यावर दव साचतं. घरात शिरण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि तासाभराने काढा.

दुसरीकडे जाणाऱ्यांसाठी

हे वाचणाऱ्या सगळ्यांचा बेत तुमच्यासारखा नसेल, म्हणून थोडं इतरांसाठी. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि बॅग भरताना सगळे विसरतात. जुलैत न्यूझीलंडच्या क्वीन्सटाऊनला लोक स्कीइंगला जातात. तिथे आणि ऑस्ट्रेलियात उतरताना बुटांच्या खाचांत माती असली तर कस्टममध्ये अडवतात, निघण्याआधी जुन्या टूथब्रशने तळ घासून काढा.

थायलंड म्हटलं की एकच पावसाळा समजू नका. फुकेतच्या बाजूला पाऊस मे ते ऑक्टोबर, तर समुईच्या बाजूला त्याचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरात. बालीत नोव्हेंबर ते मार्च. प्रवाळांना अपायकारक ठरलेली काही रसायनं असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत वापरायला आणि हवाईत विकायला बंदी आहे, ट्यूबवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही नावं तपासा. सिंगापूरला ऋतू असा नाहीच, वर्षभर उकाडा आणि सर, पण मॉलमध्ये शिरलात की एसीने दात वाजतात. दुबईच्या जुलैतही तेच. या दोन्ही ठिकाणी पातळ स्टोल किंवा फुल शर्ट हा खरा गरम कपडा.

आइसलँडला छत्री नेऊ नका. पाऊस तिथे आडवा येतो आणि वारा छत्री उलटी करतो. उन्हाळ्यातही रेक्याविकला दुपारी चौदा-पंधरा अंशांच्या वर फारसं जात नाही, तेव्हा तुमचे तिन्ही थर आणि वर वॉटरप्रूफ पँट.

केनियाच्या मसाई माराला जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या जीपमध्ये चांगलंच गारठायला होतं, आफ्रिका म्हणून बिनधास्त राहू नका. कपडे खाकी किंवा फिक्या मातकट रंगाचे घ्या, गडद निळ्या-काळ्यावर त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या येतात. लहान विमानाने जाणार असाल तर साधारण पंधरा किलो आणि मऊ बॅग एवढीच मुभा असते, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. जपानला जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा आणि पुढे वादळांचे दिवस. एप्रिलमध्ये फुलं बघायला गेलात तर टोकियोत दुपारी एकोणीस अंश आणि रात्री दहा. देवळांत आणि काही खानावळींत बूट काढावे लागतात, भोकं पडलेले मोजे घरी ठेवा.

वजन

मोठी ट्रॉली बॅग रिकामीच चार-साडेचार किलोची असते, म्हणजे २३ मधले तुमच्या हातात साडेअठरा-एकोणीसच उरतात. व्हॅक्यूमच्या पिशव्यांचा मला राग आहे. त्या जागा वाचवतात, वजन नाही; जागा दिसली की माणूस आणखी भरतो आणि काउंटरवर उघडून बसतो. वर परतताना हॉटेलात पिशवीतली हवा काढणार कशाने?

सगळ्यात जड बूट आणि वरचं जॅकेट प्रवासात अंगावर. चौघांचे कपडे चार बॅगांत मिसळून ठेवा, प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक जोड. एक बॅग मागे राहिली तर कुणा एकाचीच पंचाईत होत नाही. केबिन बॅगेत एक दिवसाचे आतले कपडे आणि डिसेंबरात टोपी-हातमोजेही, कारण सामान हरवलं तरी विमानतळाच्या दाराबाहेरची थंडी थांबणार नाही.

भरलेली बॅग निघायच्या आदल्या दिवशी वजनकाट्यावर ठेवा आणि काटा बावीसच्या वर गेला तर याच क्रमाने काढा. आधी दुसरी जीन्स: एक जीन्स सातशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि भिजली की हॉटेलच्या खोलीत दीड दिवस वाळत नाही. मग तिसरा बूट-जोड. मग ‘असू दे’ म्हणून घेतलेला जाड स्वेटर. मग टॉवेल. फ्लीस आणि रेन जॅकेटला जुलैतही हात लावू नका.